नटावरची पिवळी रेघ

पत्र्याचं शटर आधी अर्धंच वर जातं आणि अडतं. आतून एक शिवी ऐकू येते, शटरला दिलेली. मग एक लाथ बसते आणि शटर खडखडाट करत पूर्ण वर जातं. सकाळचं ऊन फरशीवरून सरपटत आत शिरतं आणि समोरच्या भिंतीवर चढतं. भिंतीवर प्लायवूडचा मोठा फळा, फळ्यावर खिळे, आणि खिळ्याखिळ्याला एकेक हत्यार. प्रत्येक हत्याराच्या मागे काळ्या रंगात त्याचीच आकृती काढलेली. हत्यार जागेवर नसलं की भिंतच चहाडी करणार. आणि या सगळ्यापुढे, आमच्याकडे पाठ करून, दोन्ही हात काखेत दाबून एक माणूस उभा. थंडी वाजत नसते त्याला. बोटं जागी करत असतो.

हा माझा शेजारी. मी वरच्या मजल्यावर, तो तळमजल्यावर. माझ्या खिडकीखालीच त्याचं गॅरेज. गॅरेज म्हणजे एक गाडी आणि एक माणूस मावेल एवढी खोली. दुसरा माणूस आला तर त्याने स्टूल घेऊन दारात बसायचं. तो दुसरा माणूस बहुतेक वेळा मीच.

सगळे त्याला टाइटकाका म्हणत. "काय, कसं काय?" असं कुणी विचारलं की त्याचं ठरलेलं उत्तर, "सगळं टाइट!" नव्याने राहायला आलेल्यांचा यावरून गैरसमज होई. एका बाईंनी तर जिन्यात माझ्या बायकोला हळूच विचारलं होतं, "सकाळपासूनच घेतात का हो?" त्याने आयुष्यात थेंबाला तोंड लावलं नव्हतं. मी त्याला टाइट्या म्हणायचो, तो मला नाटक्या. मी आयुष्यभर नाटकांत कामं केली, त्यामुळे तक्रार करायला जागा नव्हती. "तू नट, मी नट आवळणारा," असं म्हणून तो स्वतःच हसायचा. हा विनोद त्याने इतक्या वेळा केला की शेवटी मीही हसायला लागलो.

त्याची सगळी नोकरी ओतकामाच्या कारखान्यात झाली. साच्यातून निघालेल्या लोखंडी भागांच्या कडा ग्राइंडरने घासून काढायच्या, एवढंच काम, पण रोज आणि दिवसभर. ग्राइंडरची थरथर हातातून खांद्यात जायची आणि आवाज डोक्यात. घरच्या फळ्यावर सगळी हत्यारं होती, ग्राइंडर मात्र नव्हता. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "त्याच्याशी संसार केला की सगळा जन्म. आता घरात नको."

बाकीच्यांवर मात्र माया. रिंग पान्यांचा संच पहिल्या बोनसचा. त्याला तो मऊ फडक्यात गुंडाळून ठेवायचा. एक रॅचेट होतं, ज्याला वेगवेगळ्या मापाच्या गोट्या, म्हणजे सॉकेट, लावून नट फिरवतात, ते. ते फिरवलं की बारीक किरकिर आवाज येई, आणि तो म्हणायचा, "ऐक, कसं गातंय." एक लांब दांड्याचा, वाकडा झालेला व्हील पाना होता, त्याच्या वडिलांचा. तो वापरायचा नाही, नुसता असायचा. आणि एक बॅटरीवर चालणारी गन. घट्ट बसलेले नट ती घर्रर्र करून क्षणात सोडवते. ती त्याला मुलीने दिलेली.

गनबद्दल त्याचा एक नियम होता. "नट काढताना हिचा जोर घ्यायचा. लावताना आपला हात. यंत्राला कळत नाही कुठे थांबायचं."

थांबायचं कुठे हे कळण्यासाठी त्याच्याकडे टॉर्क पाना होता. हव्या तेवढ्या जोराचा आकडा मुठीवर लावायचा, मग नट आवळायचा, आणि पुरेसा आवळला गेला की पाना 'टक्' असा आवाज करतो. तिथे हात काढायचा. नाही काढला तर आतला बोल्ट ताणला जातो, आणि ताणलेला बोल्ट एखाद्या दिवशी भर रस्त्यात तुटतो. चाकाचे सगळे नट असे आवळून झाले की तो काडी पिवळ्या ऑइलपेंटमध्ये बुडवायचा आणि प्रत्येक नटावरून बाहेर चाकावर एक बारीक रेघ ओढायचा. "ही साक्ष. नट जरा जरी हलला तरी रेघ मोडणार." कारखान्यातली सवय. तिथे ज्याने काम केलं त्याने खूण करायची, म्हणजे जबाबदारी कुणाची ते कळतं.

आता मुलीबद्दल.

मुलगी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. दुकान शहराच्या दुसऱ्या टोकाला, घरही तिकडेच. आई होती तोवर बाप आणि लेक एकमेकांशी आईमार्फत बोलायचे. बाप म्हणायचा, "तिला सांग, टायरमध्ये हवा कमी दिसतेय." आई म्हणायची, "अगं, हवा भर म्हणतात." मुलगी म्हणायची, "सांग त्यांना, भरते." तिघंही एकाच खोलीत असत. आई गेली तेव्हा मला वाटलं, आता या दोघांचं बोलणंच संपलं. पण उरली गाडी. मुलीची लहानशी निळी गाडी. तिचं तेल, तिचे ब्रेक, तिचे वायपर, सगळं बापाकडे. महिन्या-दीड महिन्यातून एका रविवारी मुलगी यायची, गाडी गॅरेजमध्ये घालायची आणि दारात स्टुलावर बसायची. तो गाडीखाली. त्या दोन-तीन तासांत त्यांचं जे बोलणं व्हायचं ते असं:

"पकड दे. नाकाची."

"ही?"

"ती नाही. हां, ती. खाल्लंस का काही?"

"खाऊन आले."

"क्लच जोरात दाबतेस. तुझ्या आईसारखी."

आणि मग बराच वेळ नुसता पान्याचा आवाज. मी वरून ऐकायचो. रंगभूमीवर मी बरीच मोठमोठी भाषणं केली आहेत, बाप-लेकीच्या भेटीचीही. पण 'क्लच जोरात दाबतेस' या वाक्यात जेवढी माया होती तेवढी मला कधी जमली नाही.

एके दिवशी मी खिडकीत उभा होतो. तो खाली शेजारच्या मास्तरांच्या स्कूटरचं चाक बसवत होता. टॉर्क पाना वाजला. मला वर स्पष्ट ऐकू आलं. पण त्याचा हात थांबला नाही. पुन्हा टक्. पुन्हा ओढला. पुन्हा टक्.

"टाइट्या! वाजला की!"

"काय?"

"वाजला म्हणतो!"

तो पान्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. मग हळूच म्हणाला, "खाली ये."

मी गेलो. त्याने मला बोटं दाखवली. टोकं पांढरी, मेणासारखी. "टक् कळायला दोन रस्ते असतात," तो म्हणाला. "कान आणि हात. कान ग्राइंडरने खाल्ले. हाताला धक्का लागतो म्हणून आजवर निभावलं. आता हातालाही कळेना."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, गेलं ते परत येत नाही. थंडीपासून जपा, म्हणाले. मोजे घाला हाताला." तो हसला. "हातमोजे घालून स्क्रू कसा उचलायचा ते नाही सांगितलं."

"मुलीला सांगितलंस?"

"तिचं खातं डोळ्यांचं. कान तिच्याकडे नाहीत." मग गंभीर होऊन म्हणाला, "नाटक्या, तिला कळलं तर ती गाडी माझ्याकडे घालणार नाही. आणि गाडी घातली नाही तर यायचं कशाला तिने? माझं तोंड बघायला?"

मी त्याचा कान झालो. तो नट आवळायचा आणि मी स्टुलावर बसून 'टक्' म्हणायचो. मुलगी असेल तेव्हा उघड बोलता येत नसे, म्हणून टक् झालं की मी खोकायचो. विंगेत उभं राहून विसरलेली वाक्यं पुरवावीत तसं. एका चाकाचे सगळे नट म्हणजे तेवढे खोकले. मुलगी माझ्याकडे बघायची. पुढच्या खेपेला तिने माझ्यासाठी खोकल्याचं औषध आणलं. "काका, छातीचा फोटो काढून घ्या. तुमचा खोकला फार ठरावीक वेळी येतो." मी औषध घेतलं. बायकोने ते कपाटात ठेवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन दिवस गॅरेजकडे फिरकलो नाही.

खोकल्याने टॉर्क पान्याचं काम भागत होतं. बाकीची कामं मात्र फक्त बोटांची असतात. तेलाच्या टाकीचं बूच पेचाच्या आट्यांवर सरळ बसलंय की तिरकं, ते बोटांनाच कळतं, आणि त्याची बोटं आता काहीच सांगत नव्हती. नट हातातून निसटून गाडीखाली घरंगळायचे. तो ओणवा होऊन शोधायचा आणि मुलीला म्हणायचा, "तेलकट हात झालेत." ती म्हणायची, "हो." तिने कधी वाकून नट उचलून दिला नाही. तेव्हा मला तिचा राग यायचा.

मग तो रविवार आला. मुलगी आली, गाडी आत घातली आणि माझ्या बायकोला भेटायला वर गेली. आम्ही दोघं खाली. टाइट्या पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला आणि बसूनच राहिला.

"काय झालं?"

"रेघ बघ."

मी बघितली. नटावरून चाकावर गेलेली पिवळी रेघ, कुठेही मोडलेली नाही. "नीट आहे की."

"नीट आहे. माझी नाही."

त्याने नखाने रेघ खरवडली. नखाखाली तिचा पापुद्रा सुटला. "माझा ऑइलपेंट. तो मंद दिसतो आणि काडीने ओढलेला असतो. ही चमकते. ब्रशने काढलीय, बारीक ब्रशने." त्याने बोट नाकाशी नेलं. कान गेले, बोटं गेली, नाक शाबूत होतं. "वास घे."

मी वास घेतला. नाटकाच्या रंगपटात हा वास मी हजारदा घेतलेला होता. नेलपॉलिश.

तो उठला, गाडीचं दार उघडलं आणि समोरचा लहान कप्पा उघडला. कागदपत्रांच्या मागे पिवळ्या नेलपॉलिशची बाटली होती. त्याची मुलगी नखं रंगवणारी नव्हती. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपाशी बोटं न्यायची तर नखं साधीच बरी, असं ती म्हणायची.

बाटली जागच्या जागी ठेवून तो पाठीवर झोपून गाडीखाली सरकला. बराच वेळ फक्त त्याचे पाय दिसत होते. मग आतून आवाज आला, अगदी सपाट.

"तेलाचं बूच नवीन आहे. ब्रेकच्या पट्ट्या मी घातल्या त्या नाहीत. फिल्टर दुसऱ्याच कंपनीचा." पाय जरा आत सरकले. "सगळं. मी केलेलं सगळं कुणीतरी परत केलंय, नाटक्या. प्रत्येक वेळी."

माझ्या लक्षात आलं. इथून निघाली की ती सरळ एखाद्या गॅरेजात जात असणार, बापाचं काम उसकटून पुन्हा करून घेत असणार, आणि मग रस्त्याच्या कडेला वाकून प्रत्येक नटावर पिवळी रेघ काढत असणार. बापाला कळू नये म्हणून. साक्ष मोडलेली दिसू नये म्हणून. आणि ते नट वाकून उचलून न देणं. ते दुर्लक्ष नव्हतं. तिने पाहिलं आहे, हे त्याला कळू नये, एवढाच त्याचा अर्थ होता.

रंगमंचावर असा प्रसंग आला असता तर प्रेक्षक हसले असते. दोन माणसं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवतायत. मी हसलो नाही.

"किती रे बिचारीने..." मी सुरुवात केली.

"गप्प." तो बाहेर आला. डोळे कोरडे होते. त्याने टेबलावरचा स्वतःचा ऑइलपेंटचा डबा उचलला, हातात फिरवला. "हा तिच्या कप्प्यात ठेवून देऊ का? निदान रंग तरी जुळेल."

"तिला सांग. सरळ सांग. म्हणावं, गाडी गॅरेजला घाल, आणि तू ये."

"आणि आल्यावर?"

जिन्यात मुलीची पावलं वाजली. त्याला ऐकू आली नाहीत. माझ्या चेहऱ्यावरून कळली. त्याने डबा ठेवला, गन उचलली आणि चाक काढायला घेतलं. त्या दिवशी त्याने सगळं काम केलं, पहिल्यासारखं. नट आवळले. मी खोकलो. त्याने रेघा ओढल्या. ती स्टुलावर बसून बघत होती.

"क्लच जोरात दाबतेस," तो म्हणाला.

"हो बाबा."

असं आणखी काही महिने चाललं. आपण करतोय ते संध्याकाळी दुसरं कुणीतरी उसकटणार, हे माहीत असूनही तो प्रत्येक नट तितक्याच काळजीने लावायचा. मी एकदा न राहवून म्हटलं, "कशाला एवढा जीव काढतोस?" तो म्हणाला, "त्या गॅरेजवाल्याने माझा पहिला नट सोडवला की त्याच्यासमोर तिची मान खाली जाऊ नये म्हणून." मग लगेच म्हणाला, "जाते. गेल्या वेळी एक तिरका बसला. लावताना मला कळलंच नाही, नंतर आटे घासलेले दिसले. तू खोकलास बरोबर, पण तिरका होता."

हिवाळ्यात त्याची बोटं दुपारपर्यंत जागी होईनात. तो त्यांना शिव्या द्यायचा. मग शिव्याही थांबल्या.

आणि एका रविवारी मुलगी आली ती बसने, थांब्यावरून पायी. गॅरेजचं शटर त्याने आधीच वर केलं होतं, फडकी अंथरली होती, जॅक काढून ठेवला होता. ती दारात उभी राहिली.

"गाडी कुठे लावलीस?" त्याने विचारलं.

"बाबा, गाडी विकली."

त्याने अंथरलेलं फडकं सरळ केलं. तिला वाटलं ऐकू आलं नाही. ती मोठ्याने म्हणाली, "विकली! दुकानाची नवी शाखा घराजवळ निघाली. आता चालत जाते. गाडी नुसतीच उभी राहणार होती."

"बरं केलंस," तो म्हणाला. "उभी गाडी खराब होते."

"मी येईन की पण. अशीच."

"ये ना."

स्टुलावर बसायचं की वर जायचं, तिला कळेना. त्यालाही कळेना. मग तिने जॅककडे बघितलं, फडक्यांकडे बघितलं, आणि माझ्या बायकोला भेटून येते म्हणून ती जिना चढून गेली. वर ती खूप रडली, असं बायकोने नंतर सांगितलं. खाली ती रडली नव्हती.

त्यानंतर शटर वर जायचं, पण काम नसायचं. कुणी पाना मागायला आलं तर तो म्हणायचा, "ठेव तुझ्याकडेच." रिंग पान्यांचा संच मास्तरांकडे गेला. रॅचेट पाणी सोडणाऱ्या माणसाकडे गेलं. गन कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला दिली. तो आनंदाने म्हणाला, "काका, याने चाक लावणं पण एकदम सोपं होईल," आणि टाइट्याने नुसती मान डोलावली. नियम सांगायचाही त्याला कंटाळा आला होता. फळ्यावर आता खिळे होते आणि काळ्या आकृत्या. टॉर्क पाना तेवढा उरला होता, कारण तो कुणाला वापरता येत नव्हता.

मी रोज खाली जायचो. काही विषय काढायचो. एखादी जुनी फजिती सांगायचो, दौऱ्यावर नायकाची मिशी गळून पडली ती. तो ऐकू न येणाऱ्या माणसासारखा हसायचा, एक क्षण उशिरा. एकदा मध्येच म्हणाला, "माझं काही काम उरलं नाही रे." मी म्हटलं, "तुझं नाही तर कुणाचं उरलंय?" त्याने रिकाम्या फळ्याकडे पाहिलं. दिलासा द्यायची सवय आम्हा नाटकवाल्यांना फार. घेणाऱ्याला तो हवा असतो की नाही, हे आम्ही विचारत नाही.

मुलगी त्यानंतर एकदाच आली. तिच्या मनात यायचं नव्हतं असं नाही. दर वेळी ती फोन करायची आणि म्हणायची, "काही काम होतं का बाबा?" आणि तो म्हणायचा, "नाही, काही नाही." एवढ्यावर फोन संपायचा. येण्यासाठी काहीतरी काम लागतं, अशी दोघांनाही सवय झाली होती. पुढे फार दिवस तो राहिला नाही. झोपेत गेला, हृदय थांबलं. म्हणून तिची ती शेवटची भेटच सांगतो.

दुपारची वेळ होती. त्याने सकाळीच मला निरोप पाठवला होता, "ती येतेय. तू पण येऊन बस. मला एकट्याला सुचणार नाही." मी गेलो. तळमजल्यावरची त्याची खोली म्हणजे एक खाट, दोन खुर्च्या, खिडकीत तिच्या आईचा फोटो. त्याने दाढी केली होती, गालाला दोन ठिकाणी कापलं होतं. ब्लेड किती दाबलं जातंय तेही बोटांना कळत नव्हतं ना.

ती आली. बिस्किटं आणली होती. तिने चहा केला. तिघं बसलो. मी बोलत राहिलो, पाऊसपाणी, महागाई, माझे गुडघे. ती "हो का काका" म्हणायची. तो कपाकडे बघायचा. मग माझाही साठा संपला. खोलीत घड्याळाचा आवाज यायला लागला, म्हणजे मला आणि तिला. त्याला तोही नव्हता.

तिने त्याचा हात हातात घेतला. पांढरी पडलेली बोटं ती दोन्ही तळव्यांत धरून चोळायला लागली, डोळे तपासताना लोकांच्या हनुवटीला धरतात तशी हलक्या हाताने. त्याने हात काढून घेतला नाही. पण त्याला कळत तरी होतं का, मला सांगता येणार नाही. तो तिच्या हातांकडे असा बघत होता, जणू दुसऱ्याच कुणाचं काहीतरी दुरुस्त होतंय.

"बाबा," ती जवळ वाकून मोठ्याने म्हणाली, "काहीतरी बोला ना माझ्याशी."

त्याने मान हलवली. ऐकू आलं होतं. तो विचार करायला लागला, खरोखर विचार, कपाळावर आठ्या घालून, अडलेल्या बोल्टपुढे बसावं तसा. त्याने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, तिच्या चपलांकडे बघितलं, दाराशी ठेवलेल्या तिच्या पिशवीकडे बघितलं. ती वाट बघत होती. मीही.

मग तो म्हणाला, "बसमध्ये बसायला जागा मिळाली का?"